गोगलगायीच्या मागावर

स्वीडनमधल्या यव्ले गावच्या फोल्के हेल्ग्रेनला स्वतःचं कौतुक करायला मुळीच आवडत नसे. ते काम त्याने वस्तुस्थितीवर सोपवलं होतं, आणि वस्तुस्थिती मात्र त्याच्या तोंडून फार सविस्तर बोलायची.

"यव्लेत पोलीस आहेत, मान्य," तो सांगायचा. "पण नजर? नजर गावात एकच. शांत, तीक्ष्ण, चष्म्यामागे दबा धरून बसलेली. उंची मध्यम, म्हणजे गर्दीत मिसळायला सोयीची. चेहरा विसरण्याजोगा. गुप्तहेराला याहून मोठं वरदान नाही. माझ्या सख्ख्या मेव्हण्याने तीन वेळा 'आपली ओळख झाली नाही' म्हणत माझ्याशी हात मिळवलाय."

निवृत्तीपूर्वी बत्तीस वर्षं तो लिफ्ट तपासत असे. दोराच्या आवाजावरून लिफ्ट कुठे अडकणार हे ज्याला कळतं, त्याला पायांच्या आवाजावरून माणूस काय लपवतोय हे कळणारच, असा त्याचा सरळ हिशेब होता. जिना चढणारा माणूस आणि जिना उतरणारा माणूस यांतला फरक त्याला डोळे मिटूनही सांगता येई. तो फरक बाकीच्यांनाही सांगता येतो, हे त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

निवृत्तीनंतरच्या चार वर्षांत त्याने सतरा प्रकरणं सोडवली होती. खालच्या मजल्यावरच्या तीराच्या मते एकच सुटलं होतं, आणि त्यातला हरवलेला हातमोजा फोल्केच्याच दुसऱ्या खिशात सापडला होता.

तीरा ही त्याची सहायक. म्हणजे तसं त्याने जाहीर केलं होतं. तिला कुणी विचारलं नव्हतं. ती शाळेत परिचारिका होती आणि चाळीस वर्षं तिने गणिताच्या तासाला दुखणारी पोटं तपासली होती. त्यामुळे समोरचा माणूस बोलत असताना मान डोलावत राहायची आणि त्यातलं काहीही खरं धरायचं नाही, ही कला तिला साधली होती. फोल्केला अशीच सहायक हवी होती. मान डोलावण्यापुरतं त्याचं लक्ष असे.

अठरावं प्रकरण ऑगस्टात आलं.

इंटरनेटवर दर गुरुवारी एक चित्रमालिका यायची. नाव 'गोगलगाय सांगते'. चार चौकटी असत. पहिल्या तीन चौकटींत एका इमारतीत राहणारे प्राणी आपापसांत काहीतरी क्षुद्रपणा करायचे. चौथ्या चौकटीत एक गोगलगाय जिन्यावरून सरकत यायची आणि शिकवण द्यायची. मालिका गोड होती, पण चित्रकाराचा हात जड होता. चौथ्या चौकटीतली अक्षरं एवढी ठसठशीत असत की वाचणाऱ्याला कुणीतरी कॉलर धरून भिंतीला टेकवलंय असं वाटे.

'ड्रायरच्या जाळीवरचा कचरा तुमच्याच कपड्यांचा आहे. काढा. आत्ता.'

'कुणी जिन्यात ओझं घेऊन चढत असेल, तर दार धरा. फोन नंतर बघा. फोन पळून जात नाही.'

आता यात खोटं काय होतं? काहीच नाही. पंचाईत तीच होती. इमारतीतल्या बाराही घरांनी मालिका वाचायला सुरुवात केली आणि बाराही घरांना खात्री पटली की हे आपल्यालाच बोललंय, आणि बोलणारा शेजारच्याच भिंतीपलीकडे बसलाय. सामायिक धुणंघरात लोक एकमेकांकडे न बघता मोजे मोजू लागले. त्यातून दर ऑगस्टात अंगणात होणारी शेवंडींची पार्टी तोंडावर आलेली. इमारतीच्या ग्रुपवर एकापाठोपाठ एक निरोप पडले. आम्हाला जमणार नाही. आम्ही बाहेरगावी. आमचं पोट ठीक नाही. बारा घरांपैकी सात घरं गळाली.

"सात!" फोल्के तीराच्या स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत म्हणाला. ते स्वयंपाकघर तीन पावलांचं असल्याने त्याला सारखं वळावं लागत होतं. "हा इमारत फोडण्याचा कट आहे. चित्रकार इथलाच आहे. आपल्यात राहतो, आपलं धुणं बघतो."

"बस आधी. मला गरगरायला लागलंय."

"त्याची पद्धत बघ. चोर घरातून काहीतरी घेऊन जातो. हा घरात आणून टाकतो. काय, तर शिकवण!"

"मग तक्रार कशाची करायची? चांगली आहे की शिकवण," तीरा दालचिनीच्या पावाची थाळी पुढे करत म्हणाली. "मी त्या दिवसापासून जाळी साफ करते."

फोल्केने डोळे बारीक केले. "म्हणजे आधी करत नव्हतीस."

"तू करतोस?"

फोल्केने पाव घेतला. तपास करणाऱ्याने उलटतपासणीत अडकू नये, हा नियम त्याने त्याच क्षणी तयार केला.

पहिला संशय इंगालिलवर. ती इमारतीच्या मंडळाची अध्यक्ष. गेली नऊ वर्षं धुणंघरातल्या सूचना ती मोठ्या, ठळक अक्षरांत लिहीत आली होती. "मोठी अक्षरं, उपदेश, आणि उद्गारचिन्ह," फोल्के जिना चढताना तीराला कुजबुजला. "तिन्ही धागे एकाच बोटाला गुंडाळलेत."

इंगालिलने दार उघडलं आणि तो काही बोलायच्या आत म्हणाली, "माहितीय मला कशाला आलायस! ते दुसऱ्यांच्या चिठ्ठ्यांवर लाल पेनाने शुद्धलेखन सुधारणारं अस्वल, ते मीच आहे. चष्मासुद्धा माझाच काढलाय. लोक हसत असतील ना?"

"तू स्वतःला अस्वल काढलंस?" फोल्केने चलाखीने विचारलं.

"मी? स्वतःला? अस्वल?"

प्रत्येक शब्दागणिक तिचा आवाज एकेक मजला वर गेला. दार आपटलं. फोल्केने वहीत लिहिलं, 'संशयिताचा आवाज बिघडलेल्या लिफ्टसारखा. निर्दोष असावी.'

दुसरा संशय बेहनामवर. तो बस चालवायचा आणि त्याला जुळी मुलं होती. "बसचालकाच्या आरशात सगळं दिसतं," फोल्के म्हणाला. "चौकटीत जग बघायची सवय. चित्रमालिका म्हणजे तरी काय? चौकटीच." या तर्कावर तो इतका खूश झाला की जिन्यातल्या बाबागाडीला अडखळून थेट संशयिताच्या पायाशी पोचला.

"बघितलंस?" बेहनाम त्याला उठवत कळवळून म्हणाला. "म्हणून तर माझ्यावर चित्र काढलं! जिन्यात गाडी ठेवणारा ससा! जुळी पिल्लं! अरे पण ठेवू कुठे मी? ती दारातून आत जातच नाही. मी मोजलीय. चार बोटं जास्त आहे."

"सशाला सात पिल्लं आहेत," तीरा म्हणाली.

"सात काय, दोन काय. भावना तीच आहे," बेहनाम म्हणाला. "मी पार्टीला येत नाही. लोक माझ्या पोरांकडे बघून गोगलगायीसारखी मान हलवतील."

फोल्केने गुडघा चोळत लिहिलं, 'निर्दोष. गाडी मात्र दोषी.'

तिसऱ्या दिवशी त्याला झोपेतून उठल्या उठल्या साक्षात्कार झाला आणि तो घरातल्या चपलांवरच तीराकडे पोचला.

"उगम!" तो म्हणाला. "नदी शोधायची तर उगमाकडे जायचं. ही मालिका इमारतीच्या ग्रुपवर सगळ्यांत आधी कुणी टाकली? तोच चित्रकार. स्वतःची जाहिरात केल्याशिवाय कलाकाराला राहवत नाही. मी गुन्हेगाराचं मन ओळखतो, तीरा. तो घमेंडखोर आहे, एकटा आहे आणि दुसऱ्यांना सुधारायची त्याला भारी हौस आहे."

तीराने चष्मा लावला, फोन घेतला आणि बोटाने ग्रुप वर वर सरकवत गेली. जुलै गेला, जून गेला, मे गेला. मग ती थांबली.

"कोण आहे?"

"घमेंडखोर म्हणालास ना?"

"हो."

"एकटा?"

"नाव सांग, तीरा."

तिने फोन त्याच्यासमोर धरला. तीन मार्च, सकाळी आठ वाजून दहा मिनिटं. 'काही जणांनी हे वाचावं. नावं घेत नाही. फोल्के हेल्ग्रेन, दुसरा मजला.' खाली अंगठा दाखवणारं चित्र. तेही त्याचंच.

फोल्केने ते दोनदा वाचलं. आपल्याला हे आठवत कसं नाही, याचा त्याने विचार केला. मग दुसऱ्यांना सुधारायला आपण इतक्यांदा इतकं काही पाठवलंय की त्यातलं एखादं कसं आठवणार, असा निष्कर्ष निघाला. त्याच्या आजवरच्या निष्कर्षांतला हा पहिलाच बरोबर होता आणि नेमका तोच त्याला आवडला नाही.

"गुन्हेगाराने माझा वापर केला," तो शेवटी म्हणाला.

"या पानाच्या तळाशी 'मला लिहा' असं बटण आहे," तीरा म्हणाली. "विचारू सरळ, तू कोण म्हणून?"

"खबरदार! गुन्हेगाराला सावध करायचं? अगं, अशाने तपास कसा होणार?"

"झटपट," तीरा म्हणाली. पण तो तोवर पाव उचलून बाहेर पडला होता, म्हणून तिने बटण दाबलं.

चौथा संशयित सापडला तो दाराच्या भिंगातून. फोल्केच्या समोरच्या दारात आरविड राहायचा. दोघांच्या दारांत चार फरशांचं अंतर. आरविडची बायको सोल्वेग मार्चअखेरीला गेली. फोल्के अंत्यविधीला गेला होता, शेवटच्या रांगेत बसला होता आणि बाहेर पडताना घशात अडकलेलं वाक्य तसंच घेऊन घरी आला होता. दुसऱ्या दिवशी जाऊ, म्हणाला. दुसऱ्या दिवशी ते वाक्य त्याला फारच साधं वाटलं. त्याहून चांगलं सुचेपर्यंत आठवडा गेला, मग इतका उशीर झाल्याबद्दलही काहीतरी बोलायला हवं होतं, आणि ते तर मुळीच सुचेना. तेव्हापासून बाहेर पडण्याआधी तो भिंगातून जिना रिकामा आहे ना ते बघायचा. याला तो टेहळणी म्हणायचा.

बुधवारी दुपारी त्या भिंगात आरविड दिसला. काखेत रंगीत कागदांची मोठी गुंडाळी, हातात डिंकाची बाटली आणि पिशवीतून डोकावणारे कुंचले.

फोल्के जिने धडाधड उतरला. "कागद! रंग! कुंचले! तीरा, आरविड आहे! दिवसभर घरात, कुणाशी बोलणं नाही, जिन्यातलं सगळं ऐकू येतं. मी पाच महिने पाळत ठेवून आहे त्याच्यावर."

तीरा भांडी पुसत होती. ती थांबली.

"पाच महिने?"

"दिवसातून दोनदा. कधी तीनदा."

"आणि त्या पाच महिन्यांत बेल किती वेळा वाजवलीस?"

"संशयिताची बेल..."

"मार्चमध्ये तो संशयित नव्हता, फोल्के."

फोल्के म्हणाला की त्याला गुडघा दुखतोय, त्याने घरी जायला हवं. तीराने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. सकाळी नवी चित्रं आली. फोल्के कॉफी पीत वाचू लागला.

पहिल्या चौकटीत म्हातारा ससा एकटाच जिना चढतोय, हातात एका माणसापुरती भाजी. दुसऱ्या चौकटीत समोरच्या दाराच्या भिंगामागे अस्वलाचा एक मोठा डोळा. तिसऱ्यात ससा आत जातो, दार लागतं, आणि मग अस्वल हळूच बाहेर पडतं. चौथ्या चौकटीत गोगलगाय. तिच्यामागे कागदभर अक्षरं:

'काय बोलावं सुचत नाही? मग तेवढंच सांगा. पण दार उघडून सांगा. भिंगातून नाही.'

कॉफी बशीत सांडली. फोल्केचे कान आधी गरम झाले, मग गार. आणि मग, लाजेपासून पळायला एकच वाट मोकळी दिसल्यामुळे, त्याच्या डोक्यात प्रचंड प्रकाश पडला. हे फक्त एकाच माणसाला ठाऊक असणार! आरविडच चित्रकार! प्रकरण संपलं!

त्याने कोट चढवला, वही घेतली आणि दार उघडलं. समोर तीरा उभी होती, हातात फोन.

"बाजूला हो," फोल्के म्हणाला. "मी अटक करायला निघालोय."

"उत्तर आलंय. ऐक आधी." तिने चष्मा सारखा केला आणि वाचलं. "'नमस्कार तीरा. मी गोटलँड बेटावर राहते, शेताकडेला, एकमजली घरात. शेजारी मेंढ्या आहेत. आयुष्यात इमारतीत राहिलेली नाही आणि यव्लेला आलेली नाही. मी दंतवैद्याकडे काम करते. दिवसभर लोकांना सांगते, दातांत दोरा फिरवा. तोंड उघडं असल्यामुळे कुणी वाद घालत नाही आणि घरी गेल्यावर कुणी दोराही फिरवत नाही. मग संध्याकाळी मी गोगलगाय काढते. तुमच्यासारखी पत्रं आठवड्याला तीस-चाळीस येतात. प्रत्येक जण विचारतो, आमच्या जिन्यात तुमचं कोण राहतं? अक्षरं मोठी असतात याबद्दल माफ करा. लहान काढून बघितली होती. लोकांना वाटायचं, शेजाऱ्यासाठी आहेत.'"

बाराव्या घरातलं कुणीतरी वरून हळूच कान देत होतं, पण फोल्केचं तिकडे लक्ष नव्हतं. टेहळणीच्या दृष्टीने ही गंभीर चूक होती.

"तिला मी कसा माहीत?" त्याने विचारलं. आवाज एकदम बारीक झाला होता.

"तू तिला माहीत नाहीस रे."

"पण तो डोळा..."

"असे डोळे गावोगाव असणार. म्हणून तर काढलाय तिने." तीराने फोन खिशात टाकला. "जा. वही माझ्याकडे दे."

"तीरा, मला काय बोलावं ते..."

"ते मला नको सांगूस," ती म्हणाली आणि वळून जिना उतरू लागली.

चार फरशा. बत्तीस वर्षांत फोल्केने लिफ्टच्या कितीतरी खोल बोगद्यांत वाकून बघितलं होतं, पण त्यांतला एकही एवढा रुंद वाटला नव्हता. त्याने बेल दाबली.

आरविडने दार उघडलं. दाढी वाढलेली, बोटांना डिंक, बाहीला चिकटलेला पिवळा कागद.

"मला," फोल्के म्हणाला, "मला काय बोलावं ते सुचत नव्हतं."

आरविडने बाहीवरचा पिवळा कागद सोलून काढला.

"अजूनही सुचत नाहीये," फोल्केने प्रामाणिकपणे भर घातली. "सोल्वेग फार... मी यायला हवं होतं. समोर तर राहतो. लाज वाटते मला."

"तुझ्या दाराचं भिंग काळं व्हायचं," आरविड म्हणाला. "तू मागे उभा राहिलास की उजेड बंद होतो ना. मला कळायचं."

फोल्केला वाटलं, जमीन दुभंगावी. निदान लिफ्ट तरी यावी.

"राग नाही आला?"

"पहिले दोन आठवडे आला. मग वाटलं, कुणीतरी आहे तिथे. मी रोज सकाळी त्या भिंगाला 'सुप्रभात' म्हणायचो. मनातल्या मनात. बायको गेल्यावर माणूस कशालाही सुप्रभात म्हणतो, फोल्के." त्याने दार पुरतं उघडलं. "ये आत. तुला यंत्रातलं कळतं ना? मला हे जमत नाहीये."

टेबलावर कागदी कंदिलांचा ढीग होता. पार्टीला अंगणात टांगायचे गोल, हसऱ्या चेहऱ्याचे चंद्र. दरवर्षी सोल्वेग ते स्वतः करायची. दुकानातला चंद्र मठ्ठ दिसतो, असं तिचं म्हणणं होतं. तिचा नमुना सापडला होता, पण घडी कुठून घालायची ते कागदावर लिहिलेलं नव्हतं. ते तिच्या बोटांत होतं.

"सात घरं येत नाहीयेत," आरविड म्हणाला. "तरी बारा करतोय. ती बाराच करायची."

फोल्के कोट काढून बसला. पहिला चंद्र त्याने मोठ्या आत्मविश्वासाने उलटा चिकटवला. दुसऱ्याला त्याचा शर्ट चिकटला. तिसरा बरा झाला, म्हणजे डाव्या गालावर सुजलेला. आरविड हसला आणि हसता हसता बोलू लागला. सोल्वेग कशी आजारी पडली, शेवटच्या आठवड्यात काय खावंसं म्हणाली, आणि तिचा कोट अजून खुंटीवरच आहे. संध्याकाळपर्यंत बोलत होता. फोल्केने एकही प्रश्न विचारला नाही. विचारावासा वाटलाच नाही. तो नुसता कागद धरून बसला होता, आरविड म्हणेल तिथे बोट दाबत.

त्याच संध्याकाळी तीराने गोटलँडचं पत्र ग्रुपवर टाकलं. खाली फोल्केने स्वतः लिहिलं, 'पहिल्यांदा मीच पाठवलं होतं. तुम्हाला सुधारायला. चूक झाली. ते अस्वल मी आहे. आरविडने बारा कंदील केलेत. मी तीन बिघडवले.'

मग इंगालिलचा निरोप आला: 'अस्वल मी आहे. तू फार तर त्याचा भाऊ असशील.' तिने शेवटी उद्गारचिन्ह घातलं नव्हतं. बेहनामने लिहिलं की तो येतोय, जुळ्यांसकट, गाडीसकट. रात्रीच्या जेवणापर्यंत गळालेल्या सातांपैकी सहा घरं परत आली. सातवं खरोखरच बाहेरगावी होतं.

शनिवारी दुपारी अंगणात लांब टेबल मांडलं. शेपू घालून उकडलेल्या लालभडक शेवंडी परातीतून आल्या. डोक्यांवर कागदी टोप्या, गळ्यांत रुमाल. आणि झाडांवर बारा चंद्र, त्यातले तीन दाढ दुखत असल्यासारखे. लोक एकमेकांची माफी मागत होते, अशा चित्रांबद्दल जी त्यांनी काढली नव्हती आणि जी त्यांच्यावर काढलेली नव्हती. बेहनामची गाडी फाटकात अडकली तेव्हा तिघे एकदम धावले. फोन कुणाच्याच हातात नव्हता.

आरविड पेला घेऊन उभा राहिला. तो काहीतरी मोठं बोलणार असं वाटलं, पण म्हणाला एवढंच, "सोल्वेग." सगळे उठले. बाकं सरकल्याचा आवाज झाला.

खाली बसल्यावर फोल्के बराच वेळ चष्मा पुसत राहिला.

"काय झालं?" तीराने विचारलं.

"शेपू गेला डोळ्यांत."

"शेपू झोंबत नाही, फोल्के."

"या वर्षीचा झोंबतो."

तीराने त्याच्याकडे बघितलं, टेबलापलीकडे शेवंड सोलणाऱ्या आरविडकडे बघितलं, आणि त्याचा हा निष्कर्ष मात्र विनातक्रार मान्य करून आपला रुमाल त्याच्यापुढे सरकवला.